दुभाषी कोठे चुकला?

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राशी बोलावे, याचे आज कोणालाच नवल वाटत नाही. घरातली मुले परदेशातल्या मामाशी बोलतात, त्याचा चेहराही पाहतात. परंतु या बोलण्यासाठी पडद्याआड एक दुभाषी राबत असतो, त्याची ओळख फारच थोड्यांना असते. त्याचे नाव ड्रायव्हर. तो शहाणा व्हावा म्हणून काही तरुणांनी उपसलेल्या कष्टांची ही हकीकत आहे.

संगणकाचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. तिला घरची दिवाणजी म्हणा ना! नेटवर्क कार्ड हा टपाल आणणारा-नेणारा जासूद. पण जासूद आपल्याच बोलीत बोलतो. कारखाना बदलला की बोलीही बदलते. ती दिवाणजींना समजावून सांगतो तो ड्रायव्हर.

1991 साली हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने स्वतःच एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहावयास घेतली. 25 ऑगस्ट रोजी त्याने चार जाणकारांना ती बातमी दिली; आपला हा केवळ छंद आहे, असेही सांगून टाकले. हीच पुढे लिनक्स या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्या पहिल्या आवृत्तीत नेटवर्कचा मागमूसही नव्हता. 1992 साली रॉस बायरो याने त्या कामाचा श्रीगणेशा केला.

आणि विघ्ने सुरू झाली. टपाल आले की कार्डाने घंटा वाजवावी आणि ड्रायव्हरने धावत यावे, अशी योजना असते. त्या वेळच्या यंत्रांत अशा घंटांच्या तारा अवघ्या सोळा. त्यांतील कित्येक घड्याळ, कळफलक, छपाईयंत्र यांनी आधीच अडविलेल्या. कार्डाची तार कोणती, हे पुष्कळदा जंपर नावाच्या चिमुकल्या टोप्या हलवून ठरवावे लागे. कार्ड एका तारेवर घंटा वाजवी आणि ड्रायव्हर भलत्याच तारेला कान लावून बसे! केबल शाबूत, कार्ड शाबूत, आणि टपाल मात्र दारात पडून. म्हणून जाणता माणूस प्रथम एवढेच पाही, की घंटांची मोजदाद वाढते आहे काय? वाढत नसेल तर तारेचा आकडा तपासावा. वाढत असेल तर दुभाष्याचा हिशेब.

हा हिशेबाचा दोष मोठा लबाड. कार्डावर टपालाचे खण गोलाकार मांडलेले असतात. कार्ड ते भरीत जाते, ड्रायव्हर रिकामे करीत जातो. टपाल तुरळक असेतो सारे सुरळीत चालते. गर्दी झाली, खण तुडुंब भरले, की चुकलेला हिशेब उघडा पडतो. घरच्या निवांत खोलीत बसून असला दोष कसा सापडावा?

तो सापडला गर्दीतच. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठात अॅलन कॉक्स या तरुणाने विद्यार्थ्यांच्या संगणक मंडळाच्या यंत्रावर लिनक्स चढविली. तेथील जाळ्यावर रहदारी अखंड. त्यामुळे दोषामागून दोष बाहेर येऊ लागले. मूळ लिखाण सर्वांना खुले होते. कॉक्सने तक्रार करीत बसण्याऐवजी ते उघडून दुरुस्त केले, आणि नेटवर्कचा बराचसा भाग नव्याने लिहिला. 14 मार्च 1994 रोजी लिनक्सची 1.0 आवृत्ती निघाली, ती नेटवर्कसह.

त्याच वर्षी अमेरिकेत, नासाच्या गॉडर्ड केंद्रात, थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे संगणक एकत्र जोडून 'बेओवुल्फ' नावाचे महागणकयंत्र उभारले. संगणक चपळ, पण त्यांना जोडणारी वाट अरुंद, अशी अडचण आली. बेकरने आपले ड्रायव्हर पुन्हा लिहिले आणि एकाऐवजी दोन वाटांनी टपाल वाहते केले. ते ड्रायव्हरही त्याने सर्वांना खुले ठेवले.

याचे फळ काय? नोव्हेंबर 2017 च्या यादीत जगातील पाचशे बलाढ्य महागणकयंत्रांपैकी एकूण एक लिनक्सवर चालणारी निघाली. नोव्हेंबर 2020 च्या यादीत आपल्या पुण्याच्या सी-डॅकचे 'परम सिद्धी' 63 व्या स्थानी होते. तेही लिनक्सवरच चालणारे.

वाचकहो, आपल्या लिखाणातली चूक परक्याने काढावी, हे आम्हां लेखकांना सहसा रुचत नाही. या मंडळींनी मात्र आपली वही मुद्दाम चारचौघांत उघडी ठेवली. स्वान्सीच्या गर्दीतला दोष हेलसिंकीच्या खोलीत कधीच दिसला नसता.