वस्त्रदानपेटी : जागा व निगा यांचे स्थानिक नियम

वस्त्रदानपेटी : जुने पण वापरण्याजोगे कपडे, पादत्राणे, पुस्तके व किरकोळ घरगुती वस्तू लोकांनी आपणहून आणून टाकाव्यात म्हणून उघड्यावर ठेवलेली, राखणदार नसलेली, कुलूपबंद पेटी. अमेरिका, कॅनडा व युरोपातील शहरांत ती वाहनतळांवर, पेट्रोल पंपांपाशी, चर्चच्या आवारात दिसते. पेटी बहुधा पोलादी आणि माणसाच्या उंचीची असते. वरच्या झुलत्या कप्प्यात पिशवी ठेवून तो ढकलला की पिशवी आत पडते आणि बाहेरून हात घालून परत काढता येत नाही. ठरावीक दिवशी गाडी येऊन माल उचलते. पेटीपाशी कोणी माणूस बसलेला नसल्यामुळे तिचा खर्च कमी आणि देणाऱ्याला वेळेचे बंधन नाही. पण काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, हेही त्यामुळेच कळत नाही. पेट्यांसंबंधीचे बहुतेक स्थानिक नियम हा जबाबदार माणूस निश्चित करण्यासाठी झालेले आहेत.

नियमांची गरज दोन कारणांनी निर्माण झाली. पहिले डोळ्यांना दिसणारे. पेटी वेळेवर रिकामी झाली नाही की पिशव्या बाहेर साचतात. साचलेल्या ढिगाशेजारी लोक गाद्या, मोडके सोफे, जुने दूरचित्रवाणी संच आणून टाकतात. एका पावसात चांगले कपडेही कुजतात आणि उचलण्याचा खर्च जागामालकावर किंवा नगरपालिकेवर पडतो. दुसरे कारण पैशाचे. वापरलेल्या कपड्यांना वजनावर भाव मिळतो. त्यामुळे अनेक पेट्या धर्मादाय संस्थांच्या नसून व्यापारी कंपन्यांच्या असतात. काही कंपन्या एखाद्या संस्थेला ठरावीक रक्कम देऊन तिचे नाव पेटीवर लावतात. देणाऱ्याला वाटते, आपला स्वेटर थंडीत कुडकुडणाऱ्या कोणाला तरी मिळेल. प्रत्यक्षात तो गाठोड्यात बांधून निर्यात होतो. निर्यात वाईट नाही, कपडा वाया जाण्यापेक्षा ती शतपटीने बरी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये त्या देशात सुमारे १ कोटी ७० लाख टन कापडी कचरा निर्माण झाला आणि त्यातील सुमारे १ कोटी १३ लाख टन जमिनीत पुरला गेला. आक्षेप आहे तो देणाऱ्यापासून खरी गोष्ट लपवण्याला.

या निर्यातीचे एक टोक भारतात आहे. गुजरातमधील कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात परदेशांतून आलेल्या जुन्या कपड्यांची प्रतवारी होते आणि बराच माल पुन्हा परदेशी जातो. फाडून चिंध्या केलेला लोकरी माल हरियाणातील पानिपतला पोहोचतो; तिथे त्याचे सूत काढून ब्लँकेटे विणतात.

पेट्यांवरील कायद्यांत न्यू जर्सी राज्याचा कायदा (२००७ सालचा, क्रमांक २०९) थोडक्यात आणि नेमका आहे. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या राज्यात पालिकेच्या परवान्याशिवाय वस्त्रदानपेटी ठेवता येत नाही. अर्जात नेमकी जागा, गोळा होणाऱ्या मालाचे काय करणार हे आणि जागामालकाची लेखी संमती द्यावी लागते. वार्षिक शुल्क २५ डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही. उलट नियमभंगाला प्रत्येक वेळी २०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. दार स्वस्त आणि फसवणूक महाग, हे प्रमाण विचारपूर्वक ठरवलेले दिसते. पेट्रोल, ज्वालाग्राही द्रव किंवा वायू यांची विक्री वा मोठी साठवण असलेल्या जागेपासून १०० यार्डांच्या आत पेटीला परवानगी नाही. पेटीवर परवाना क्रमांक, मुदत, मालकाचे नाव-पत्ता आणि मालाचा विनियोग लिहावा लागतो.

याच कायद्यातील एक कलम वाखाणण्यासारखे आहे. पेटीमागे खरेखुरे कार्यालय असले पाहिजे, म्हणजे कामकाजाच्या वेळेत दूरध्वनी केल्यावर त्या संस्थेचाच माणूस बोलला पाहिजे. नुसते उत्तरयंत्र किंवा त्रयस्थाची निरोप घेणारी सेवा चालत नाही. तक्रार आल्यावर पालिकेने चौकशी करून पेटीवर ताकीद लावायची. ४५ दिवसांत दोष दूर झाला नाही तर पेटी मालकाच्या खर्चाने उचलून तिचा लिलावही करता येतो.

कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये केलेल्या कायद्याचा भर फलकावर आहे. पेटीच्या दर्शनी बाजूला मालकाचे व चालकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी लिहायचा आणि ती नफ्यासाठी चालणारी आहे की ना-नफा संस्थेची, हे किमान दोन इंची अक्षरांत सांगायचे. ना-नफा संस्था असेल तर कोणत्या कार्याला मदत होणार, तेही लिहायचे. हे न पाळणारी पेटी स्थानिक प्रशासन सार्वजनिक उपद्रव ठरवू शकते.

न्यू यॉर्क शहरात प्रश्न पदपथांचा होता. सार्वजनिक जागेवर पेटी ठेवायला मनाई असूनही पेट्या रातोरात उगवत. नोटीस लावून मुदत द्यावी लागे, आणि मुदत संपण्याआधी पेटी पुढच्या चौकात सरके. २०१४ च्या स्थानिक कायदा क्रमांक ३१ ने स्वच्छता विभागाला जास्त अधिकार दिले आणि खासगी जागेतील पेट्यांची नोंदणी व गोळा झालेल्या मालाचे वजन कळवणे बंधनकारक केले.

इतरत्रचे नियम तपशिलात वेगळे असले तरी त्यांचा साचा ओळखीचा आहे. पेटी व्यापारी क्षेत्रातच ठेवावी, पक्क्या फरशीवर असावी, वाहनचालकाची नजर अडवू नये. अग्निबंब, अग्निशमन मार्ग, अपंगांचा उतार आणि इमारतीला सक्तीने सोडावी लागणारी वाहनतळाची जागा मोकळी ठेवावी. ठरावीक तासांत बाहेरचा ढीग आणि पेटीवरची रंगफवाऱ्याची अक्षरे काढावीत. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराने २०१५ च्या अध्यादेशात यांच्या जोडीला १० लाख डॉलरचा दायित्व विमा आणि दोन पेट्यांमध्ये १,००० फुटांचे अंतर घातले.

नगरपालिकेला कुठवर जाता येते, याचे उत्तर न्यायालयांनी दिले. देणगी मागणे हा अभिव्यक्तीचा भाग आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये इलिनॉयमधील शॉमबर्ग गावाच्या खटल्यात मान्य केले होते. २०११ मध्ये टेक्ससमधून आलेल्या एका प्रकरणात पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने दानपेट्यांना सत्कार्याच्या मूक याचक मानले. मिशिगनमधील सेंट जॉन्स या छोट्या शहराला हे तत्त्व महागात पडले. शहराने २०१३ च्या जानेवारीत ‘प्लॅनेट एड’ संस्थेच्या पेट्या उचलल्या आणि पुढच्या वर्षी उघड्यावरील दानपेट्यांवर सरसकट बंदी घातली. आधीपासून असलेल्या लायन्स क्लबच्या पेटीला मात्र सूट दिली. एप्रिल २०१५ मध्ये सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने बंदीवरची स्थगिती कायम ठेवली. कचऱ्याचे डबे चालतात आणि दान मागणारी पेटी तेवढी चालत नाही, म्हणजे बंदी आशयावर आहे, असे न्यायालयाने म्हटले. ओकलंडविरुद्ध ‘रीसायकल फॉर चेंज’ या संस्थेने हाच मुद्दा मांडला, पण २०१७ मध्ये नवव्या विभागाच्या न्यायालयाने तो स्वीकारला नाही. ओकलंडचा नियम धर्मादाय आणि व्यापारी दोन्ही पेट्यांना सारखाच लागू होता. त्याचा रोख राखणदाराविना वस्तू गोळा करण्याच्या कृतीवर होता. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर शहराने काय करावे ते स्पष्ट होते : बंदीच्या वाटेला न जाता सर्वांना एकच कडक शिस्त लावावी.

महाराष्ट्रात या धर्तीची पेटी रुळलेली नाही. अनेक गावांत उभ्या राहिलेल्या ‘माणुसकीची भिंत’ या उपक्रमात कपडे उघडपणे ठेवले जातात व गरजू ते थेट नेतात. मे २०२३ पासून स्वच्छ भारत अभियानाखाली शहरांत पुनर्वापराची केंद्रेही सुरू झाली. भिंतीजवळही निगा राखणारा हात थांबला की कपडे धुळीत पडून राहतात.

सर्वांत गंभीर प्रश्न कॅनडात पुढे आला. माल परत काढता येऊ नये म्हणून बनवलेला कप्पा आत शिरू पाहणाऱ्या माणसाला चिमट्यासारखा धरतो. आसरा किंवा कपडे शोधणारी बेघर माणसे अशा पेट्यांत अडकून मरण पावली. २०१५ ते २०१९ च्या आरंभापर्यंत किमान सात जण. ३० डिसेंबर २०१८ रोजी वेस्ट व्हँकुव्हरमध्ये एक पुरुष आणि ८ जानेवारी २०१९ रोजी टोरोंटोत एक स्त्री दगावल्यावर वेस्ट व्हँकुव्हर प्रशासनाने पेट्या बंद केल्या, काही संस्थांनी आपल्या पेट्या उचलल्या, आणि एका उत्पादकाने त्या रचनेच्या पेट्या बनवणे थांबवून जुन्या पेट्यांत बदल सुरू केले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ओकानागन परिसरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी सुरक्षित रचनेवर काम करू लागले. माल चोरीला जाऊ नये यासाठी केलेली योजना ज्यांच्यासाठी दान मागितले त्यांच्याच जिवावर उठत असेल, तर रंग, गंज आणि अंतर तपासणाऱ्या परवान्याने कप्प्याची रचनाही तपासलीच पाहिजे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडी कचरा वेगळा गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक झाले आहे. तिथे रस्त्यांवरच्या पेट्या वाढतील तसा हा तपास अधिक निकडीचा होईल.