भाग ४१ : ग्लिसरीनची बाटली आणि जेजेमधले १४ मृत्यू

इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गड, तह आणि लढाया येतात. आज मी तुम्हाला घेऊन जाणारे सरकारी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये. खोकी, फाईली, इंडेंटची वही, एवढंच असतं तिथे. पण आजची गोष्ट तिथेच घडली आणि त्यात १४ माणसं गेली.

भायखळ्याचं जेजे हॉस्पिटल मुंबईकरांना सांगायला नको. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ मध्ये ते सुरू झालं. गावाकडून आलेला गरीब पेशंट शेवटची आशा म्हणून इथे येतो. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इथे एक विचित्र प्रकार सुरू झाला. मेंदूच्या किंवा डोळ्यांच्या आजारासाठी दाखल झालेल्या पेशंटच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या. लघवी बंद, अंगावर सूज आणि काही दिवसांत मृत्यू. मूळ आजाराचा किडनीशी काहीच संबंध नव्हता!

डॉक्टरांनी धागे जुळवले तेव्हा सगळ्यांच्यात एक गोष्ट सारखी निघाली. सगळ्यांना ग्लिसरॉल, म्हणजे आपलं ग्लिसरीन, पाजलेलं होतं. मेंदूची सूज आणि डोळ्यातला दाब कमी करायला ते तेव्हा देत असत. औषध बरोबर होतं, डोसही बरोबर होता. बाटलीतला माल मात्र भेसळीचा होता. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, जे ब्रेक फ्लुइडसारख्या गोष्टींमध्ये वापरतात. ते दिसायला ग्लिसरीनसारखंच, बिनरंगी. चवीला गोड. आणि किडनीसाठी विष. डोळ्यांनी बघून किंवा चाखून फरक कळतच नाही, त्यासाठी लॅबमध्ये मुद्दाम वेगळी टेस्ट करावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, हे विष कुणाला माहीत नव्हतं का? माहीत होतं हो. १९३७ मध्ये अमेरिकेत याच रसायनात बनवलेल्या एका औषधाने शंभरहून जास्त लोक दगावले होते, त्यात कितीतरी लहान मुलं होती. त्यानंतर १९३८ मध्ये तिथे नवा कडक कायदा आला. आपल्याकडेही १९४० पासून औषधांचा कायदा आहे. म्हणजे जेजेची घटना घडली तेव्हा हे ज्ञान जवळपास ५० वर्षं जुनं होतं.

मग अडलं कुठे? हे शोधायला मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यांचा रिपोर्ट १९८८ मध्ये लोकांसमोर आला आणि महाराष्ट्राचं राजकारण हललं. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. पण मला त्या रिपोर्टमधली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. लेंटिन एका भेसळ करणाऱ्यावर थांबले नाहीत. पुरवठादार, हॉस्पिटलची खरेदी, अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्रालय, अशी अख्खी साखळी त्यांनी उलगडली.

ही साखळी समजून घ्या. वॉर्डमधून इंडेंट जातं, स्टोअर मागणी काढतं, टेंडर निघतं, कमी दरवाल्याला ऑर्डर मिळते, माल येतो, सही होते, बाटली वॉर्डात पोचते. प्रत्येक टप्प्यावर कागद आहे. पण प्रत्येक जण मागच्याच्या सहीवर विसंबून सही करतो. कागद पूर्ण असतो आणि बाटली कुणीच तपासलेली नसते.

यावर उत्तर काय? ते शेजारच्याच एका राज्याने शोधलं... थांबा, शेजारचं नाही, जरा लांबचं. तमिळनाडू! १९९४ मध्ये तिथे सरकारी हॉस्पिटलांच्या औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ स्थापन झालं. सगळ्या राज्याची खरेदी एकत्र. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं. माल आला की आधी सॅम्पल काढायचे, त्यावरचं कंपनीचं नाव झाकायचं, फक्त कोड टाकायचा आणि लॅबला पाठवायचे. लॅबलाच माहीत नाही की औषध कुणाचं आहे, तर ओळख कुणाची लावणार? रिपोर्ट चांगला आला तरच माल हॉस्पिटलला जातो. शिवाय प्रत्येक हॉस्पिटलला बँकेसारखं पासबुक. त्यातल्या रकमेत बसेल तेवढं, आपल्याला हवं ते औषध घ्यायचं. पुढे केरळ, राजस्थान अशा राज्यांनी हीच वाट धरली.

आपल्या महाराष्ट्राने २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिनकडे दिली. हो, परळचं तेच, प्लेगच्या लशीवाले हाफकिन. मग २०२३ मध्ये कायदा करून औषधखरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण केलं. लेंटिन रिपोर्ट आल्यानंतर तब्बल ३५ वर्षांनी! वॉर्डातल्या नातेवाइकाच्या हातात "हे बाहेरून आणा" अशी चिठ्ठी पडते ना, तिचं मूळही बऱ्याचदा याच खरेदीच्या घोळात असतं. डॉक्टर असतो, खाट असते, पण स्टोअर रिकामं असतं.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपने २० हून जास्त मुलं गेली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. सिरपमध्ये काय सापडलं? तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. तमिळनाडूच्या तपासणीत त्याचं प्रमाण ४८.६ टक्के निघालं. गंमत बघा, खरं तर गंमत कसली, पण सिरप बनलं होतं तमिळनाडूतच. ज्या राज्याची सरकारी खरेदी देशाला आदर्श, तिथल्याच एका खासगी कारखान्यातून हे बाहेर पडलं. कारण महामंडळाची चाळणी महामंडळातून जाणाऱ्या औषधालाच लागते. मेडिकलच्या काउंटरवरून मिळणाऱ्या बाटलीची राखण औषध निरीक्षकाने करायची असते.

म्हणून मला वाटतं, आरोग्याच्या बातम्या बघताना नव्या इमारतीचा फोटो बघून खूश होऊ नका. विचारा, इथे औषध कोण घेतं? बॅच तपासतं कोण? रिपोर्ट येईपर्यंत माल थांबवतात का? प्रश्न कंटाळवाणे आहेत, मान्य. पण १९८६ मध्ये जेजेच्या स्टोअरमध्ये हे कुणीतरी विचारायला हवे होते.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधांची काय परिस्थिती आहे, मला नक्की लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!