अमेरिकेतील जुन्या जनगणना-नोंदी आणि भारतीय स्थलांतरितांच्या पूर्वजांचा शोध

बीजशब्द : जनगणना, स्थलांतर, वंशावळ, नागरिकत्व, साधनचिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रात घराण्याचा इतिहास शोधणारा अभ्यासक सामान्यतः कुलवृत्तांत, इनामाची कागदपत्रे आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांकडे वळतो. या साधनांत व्यक्तीची ओळख मूळ गाव आणि पूर्वजांची नावे यांवरून ठरते. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हा धागा तुटतो. तेथे नोंद ठेवणारे शासन परके, नोंद घेणारा परभाषिक आणि नोंदीचा हेतूही निराळा असतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी काही हजार भारतीय अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. त्यांत पंजाबी शेतकरी व माजी सैनिक बहुसंख्य होते. त्यांच्या वंशजांना पूर्वजांच्या शोधात जनगणनेच्या नोंदींचा मोठा आधार वाटतो. हा आधार कितपत भक्कम आहे आणि त्याचा उपयोग कोणत्या पद्धतीने करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनाचे स्वरूप

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली आहे. १८४० पर्यंत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. इतरांची फक्त संख्या नोंदवली जाई. १८५० मध्ये प्रथमच प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय व जन्मस्थान नोंदवले गेले. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि आई-वडिलांचे जन्मस्थान यांची भर पडली. १९०० पासून १९३० पर्यंतच्या जनगणनांत परदेशात जन्मलेल्यांना अमेरिकेत आल्याचे वर्ष विचारले गेले. १९१० मध्ये मातृभाषेचा रकाना आला. स्थलांतराच्या अभ्यासकास हे रकाने विशेष मोलाचे आहेत.

व्यक्तिगत नोंदी ७२ वर्षांनंतरच खुल्या होतात. त्यानुसार १९५० च्या जनगणनेच्या नोंदी १ एप्रिल २०२२ रोजी उपलब्ध झाल्या. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद मात्र वॉशिंग्टन येथे जानेवारी १९२१ मध्ये लागलेल्या आगीमुळे आणि त्यानंतरच्या विल्हेवाटीमुळे कायमचे नष्ट झाले.

दोन गणनांमधील माणसे

दशवार्षिक पद्धतीमुळे काही व्यक्ती या नोंदींतून पूर्णपणे निसटतात. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचल्या आणि वैद्यकीय पदवी घेऊन १८८६ मध्ये परतल्या. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात तेथे होत्या. दोघींचेही वास्तव्य १८८० व १८९० या दोन जनगणनांच्या मध्ये येते. त्यांच्याविषयी पत्रे, चरित्रे व संस्थांचे अहवाल आहेत, म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला. ज्या सामान्य मजुराने पत्र लिहिले नाही आणि ज्याचे चरित्र कोणी लिहिले नाही, तो मात्र अशा अंतरात कागदोपत्री नाहीसा होतो. जनगणनेत नाव नसणे हा त्या देशात नसण्याचा पुरावा मानता येत नाही.

नावाचा प्रश्न

हस्तलिखित नोंदी शोधण्यासाठी १९३० च्या दशकात ‘साउंडेक्स’ ही सूचीपद्धती वापरण्यात आली. तीत आडनावाचे पहिले अक्षर कायम ठेवून पुढील व्यंजनांना उच्चारसाम्यानुसार अंक दिले जातात. लेखनभेद असूनही एकाच उच्चाराची नावे एकत्र यावीत, हा तिचा हेतू होता. युरोपीय आडनावांसाठी ती उपयुक्त ठरली. पंजाबी स्थलांतरितांच्या बाबतीत मात्र उलट अडचण उद्भवली. ‘सिंग’ हे आडनाव म्हणून लिहिले गेल्याने परस्परांशी नाते नसलेली असंख्य माणसे एकाच संकेतांकाखाली गोळा झाली. व्यक्तीचे स्वतःचे नाव प्रगणकाने जसे ऐकले तसे इंग्रजीत उतरवले. अशा वेळी केवळ नावावर विसंबून पूर्वज ‘सापडला’ असे म्हणणे धोक्याचे ठरते.

‘हिंदू’ हा वंश

१९२०, १९३० व १९४० च्या जनगणनांत वंशाच्या रकान्यासाठी ‘हिंदू’ असा वर्ग होता. त्याचा धर्माशी संबंध नव्हता. भारतातून आलेल्या शीख व मुसलमानांसही हाच शब्द लावला गेला. घरात केवळ कागद उरले असतील, तर वंशजांचा पूर्वजांच्या धर्माविषयी गैरसमज होणे शक्य आहे.

नागरिकत्वाचा रकानाही सावधपणे वाचावा लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय व्यक्ती नागरिकत्व-कायद्याच्या अर्थाने ‘गोऱ्या’ नाहीत, असा निर्णय दिला. त्यानंतर आधी मिळालेले नागरिकत्वही अनेकांकडून काढून घेण्यात आले. परिणामी १९२० मध्ये ‘नागरिक’ असलेली व्यक्ती १९३० मध्ये ‘परकीय’ म्हणून आढळू शकते. वरवर पाहता ही प्रगणकाची चूक किंवा दोन भिन्न व्यक्तींच्या नोंदी वाटतील. प्रत्यक्षात ती एकाच माणसावर कोसळलेल्या निर्णयाची खूण असू शकते. भारतीयांना नागरिकत्वाचा हा मार्ग १९४६ च्या कायद्याने पुन्हा मोकळा झाला.

कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल खोऱ्यात अनेक पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांशी विवाह केले. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हाही स्वतंत्र वंश होता. त्यामुळे एकाच घरात पित्याला एक व मातेला दुसरा वंश लावला जाई आणि मुलांचा वंश प्रगणक ठरवी. ती मुले स्वतःस काय समजत होती, हे त्या रकान्यावरून कळत नाही.

शोधाची पद्धती

या मर्यादा लक्षात घेता शोधाचा क्रम वंशजाकडून पूर्वजाकडे, म्हणजे अलीकडील नोंदीकडून जुन्या नोंदीकडे असावा. प्रत्येक जनगणनेतील वय, आगमनवर्ष, व्यवसाय व ठिकाण यांची तुलना करावी. एका वर्षाच्या नोंदीपेक्षा सलग नोंदींतील संगती अधिक विश्वसनीय असते. व्यक्तीबरोबर राहणारे भागीदार, सहनिवासी व शेजारी यांचीही नोंद घ्यावी. कारण एका गावची माणसे पुष्कळदा एकत्र राहत व खंडाने जमीन कसत. माहिती कोणी दिली याची खूण १९४० मध्येच प्रथम करण्यात आली. तत्पूर्वीच्या नोंदींत उत्तर देणारा स्वतः तो मनुष्य, त्याची पत्नी की शेजारी, हे सांगता येत नाही.

जन्मस्थानाच्या रकान्यात बहुधा ‘भारत’ एवढेच असते, गाव नसते. गावापर्यंत पोहोचण्यासाठी जहाजांच्या प्रवासी-याद्या, नागरिकत्वाचे अर्ज आणि पहिल्या महायुद्धातील सैन्यभरतीची नोंदणीपत्रे पाहावी लागतात. जून १९१७ च्या नोंदणीपत्रात जन्मगावही विचारलेले होते आणि परकीय पुरुषांनाही ती नोंदणी सक्तीची होती.

निष्कर्ष

जनगणना ही शासनाच्या प्रश्नांची आणि प्रगणकाने ऐकलेल्या उत्तरांची नोंद आहे. ती व्यक्तीचे आत्मकथन नव्हे. म्हणून तिच्यातील विसंगती पुसून एकसंध वंशावळ रचण्यापेक्षा ती विसंगती का निर्माण झाली याचा शोध घेणे अधिक फलदायी ठरते. बदललेले वय, चुकलेले नाव, परका ठरवणारा शब्द आणि हिरावलेले नागरिकत्व यांतूनच स्थलांतरिताच्या आयुष्याची दिशा दिसते. रकान्यात न मावलेला माणूस ओळखणे, हेच या साधनाच्या चिकित्सेचे प्रयोजन होय.