कायदा नळीच्या तोंडाशी थांबतो

एकच वस्तू एके ठिकाणी क्रूर ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी दयाळू, असं इतिहासात घडतं. आज आपण अशीच एक वस्तू पाहू: शरीरात शिरल्यावर फुलणारी बंदुकीची गोळी.

१८९० च्या दशकात कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी मऊ टोकाची गोळी बनवली. तिची जखम मोठी व्हायची. १८९९ साली हेगच्या परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. ब्रिटनने आधी विरोध केला, १९०७ साली मान्यता दिली.

आता इंग्लंड-वेल्सचा १९६३ चा हरणांविषयीचा कायदा बघा. रायफलने हरीण मारायचं तर त्यानुसार गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच लागायची! शिवाय रायफलचा कॅलिबर किमान ०.२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड असावी लागे.

विसंगती वाटते ना? आम्हालाही आधी वाटली. पण विचार करा. युद्धात शत्रू लढण्यास असमर्थ झाला की हेतू साधतो. पुढे त्याला उपचार मिळू शकतात. जखमी हरीण मात्र झाडीत शिरतं आणि तडफडत राहतं. त्याच्यासाठी झटपट मरण हीच दया.

आता अंतराचा प्रश्न. गोळी फुलते ती वेगामुळे. अगदी जवळून, फार वेगात हलकी गोळी खांद्याच्या हाडावर आदळली, तर ती वरच्यावर फुटू शकते; आत पोचतच नाही. फार लांबून वेग मंदावला, तर ती न फुलता बारीक भोक पाडून आरपार जाऊ शकते. शिवाय ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते: वेग पाऊणपट उरला की ऊर्जा निम्म्याहून थोडीच जास्त. म्हणून रानात पन्नास यार्डांवर चोख ठरणारं काडतूस उघड्या डोंगरउतारावर तीनशे यार्डांवर पुरेलच असं नाही. तिथे कमी वेगातही फुलणारी गोळी निवडावी, नाहीतर दबकत जवळ जावं. तेही जमत नसेल, तर चाप ओढू नये.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ही निवड करायची वेळच सहसा येत नाही. पण यातला प्रश्न आपलाही आहे. कायद्याने ऊर्जा मोजली ती नळीच्या तोंडाशी. हरीण उभं असतं दोनशे पावलांवर. त्या दोनशे पावलांचा हिशेब शिकाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीलाच करावा लागतो. नियम पाळला म्हणजे कर्तव्य संपलं, असं आपण कितीदा मानतो?