कधीच न वसलेल्या वसाहतीची बखर

जी वसाहत कधी वसलीच नाही, तिचा इतिहास आफ्रिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितला गेला. त्यावर ग्रंथ निघाले, कादंबऱ्या निघाल्या, आणि त्या इतिहासाच्या आधारे एका जिवंत समाजाला त्याच्याच भूमीत उपरे ठरवले गेले. ही हकीगत ग्रेट झिंबाब्वेची आहे. ज्यांचे श्रम इतिहासाच्या पानावरून पुसले गेले, अशा सर्वांनी ती नीट समजून घेतली पाहिजे.

आजच्या झिंबाब्वे देशात, मासविंगो शहराजवळ, ग्रॅनाइटच्या भिंतींचे एक प्रचंड नगर उभे आहे. त्यातल्या सर्वांत मोठ्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीचा घेर सुमारे २५० मीटर आहे. काही ठिकाणी ती ११ मीटर उंच आहे. दगडांच्या सांध्यात चुना नाही, माती नाही. घडवलेला दगड दगडावर बसवला आहे. शोना भाषेत ‘झिंबाब्वे’ म्हणजे दगडांची घरे. अकराव्या ते पंधराव्या शतकांत शोना लोकांच्या पूर्वजांनी हे नगर बांधले. गुरे, शेती आणि सोन्याचा व्यापार यांवर ते पोसले गेले. तिथे चिनी भांड्यांचे तुकडे सापडले, भारतातून गेलेले काचमणीही सापडले.

१८७१ साली कार्ल माउख हा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ तिथे पोचला. त्याने एका दाराच्या तुळईची ढलपी काढली आणि आपल्या पेन्सिलीच्या लाकडाशी ताडून पाहिली. पेन्सिल सीडरची होती. वास जुळला असे त्याला वाटले. मग हे लाकूड लेबनॉनचे, ते आणणारे फिनिशियन, आणि हा वाडा शेबाच्या राणीचा, असा त्याने निष्कर्ष काढला. पुढे ते लाकूड आफ्रिकेतल्याच झाडाचे निघाले. पण एका पेन्सिलीवर उभी राहिलेली वसाहत काही कोसळली नाही. ती कोसळू नये असे वाटणारे हात बळकट होते.

१८९० मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने हा मुलूख ताब्यात घेतला. या कंपनीला फिनिशियन वसाहत फार सोयीची होती. पूर्वी गोऱ्यांसारखेच कोणी परके इथे येऊन सोने काढत होते, राज्य करत होते, असे ठरले की आजची लूट ही लूट राहत नाही. ती जुन्या मालकाच्या वारसाची परतफेड होते. १८९१ मध्ये थिओडोर बेंट उत्खननाला आला. त्याच्या मोहिमेला कंपनीचा पैसा होता. हाती लागलेली बरीचशी भांडी आणि अवजारे स्थानिक काळ्या माणसांच्या वापरातल्यासारखीच होती, तरी बांधणारे अरबस्तानातून आले, असेच त्याने लिहिले. रायडर हॅगर्डने १९०० साली ‘एलिसा’ या कादंबरीत झिंबाब्वेच्या फिनिशियन नगराचा नाशही रंगवला. कादंबरी कल्पित होती. परंतु शास्त्र म्हणून जे सांगितले जात होते, ते तिच्याहून फारसे वेगळे नव्हते.

लबाडी केवळ कागदावर राहिली नाही. १८९५ मध्ये एका कंपनीला इतर अवशेष खणून खजिना शोधण्याचा परवाना मिळाला. थडग्यांतले सोने काढून वितळवले गेले. १९०२ मध्ये ग्रेट झिंबाब्वेची देखभाल रिचर्ड हॉलकडे आली. काळ्यांच्या वस्तीची घाण दूर करायची म्हणून त्याने कित्येक फूट मातीचे थर उपसून फेकले. त्या मातीतच खरा इतिहास होता. चुली, खापरे, हाडे, झोपड्यांच्या जमिनी – ज्यांनी नगर उभारले त्यांचीच साक्ष त्याने केर म्हणून टाकली. पुराव्याचा नाश करायचा आणि मग पुरावा कुठे आहे असे विचारायचे, ही वर्चस्वाची जुनी रीत आहे.

तरीही सत्य सांगणारे निघाले. डेव्हिड रँडल-मॅकआयव्हरने १९०५ च्या उत्खननानंतर हे बांधकाम आफ्रिकी आहे असे स्पष्ट सांगितले. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या संशोधक स्त्रीने हॉलच्या हातून वाचलेले, भिंतींखालचे थर तपासले आणि तोच निर्णय दिला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तो मानला नाही. १९६५ मध्ये इयान स्मिथच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. त्यानंतर तर सरकारी पुस्तिकांत खरे बांधणारे कोण हे सरळ लिहू नये, असा दबाव आला. स्मारकांचा अधिकारी पीटर गार्लेक याला १९७० मध्ये देश सोडावा लागला.

परंतु मुक्तिलढ्याने या दगडांचे नाव उचलले होते. संघटनांच्या नावात ‘झिंबाब्वे’ हा शब्द आला, आणि १९८० मध्ये ऱ्होड्सचे नाव पुसून तो देशाचे नाव झाला. तिथल्या शिल्पातला पक्षी राष्ट्रध्वजावर बसला.

इथे लेख संपवता आला असता. पण एक प्रश्न उरतो. त्या उंच भिंतींच्या आत सत्ताधारी राहत. दगड फोडणारे, वाहणारे, रचणारे बहुतेक लोक बाहेर मातीच्या झोपड्यांत दाटीने राहत. परक्यांनी चोरलेला इतिहास परत मिळवताना तो फक्त राजांचा इतिहास म्हणून परत घ्यायचा काय? तसे केले तर हॉलने फेकलेली माती आपणही पुन्हा एकदा फेकू.

माउखची पेन्सिल तुळईला लागली त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना ती अर्पण केली. जेत्यांच्या पुराणकथा उलट्या बाजूने वाचायला त्यांनी शिकवले. तिकडे पुराणकथेला इतिहास म्हणून मिरवले जात होते. इकडे पुराणकथेत दडलेली लूट उघडी केली जात होती. “यांना हे जमणारच नाही” हे वाक्य दोन्हीकडे सारखेच ऐकू येते. त्याला उत्तर म्हणून आपण आपली नवी बखर रचण्याची गरज नाही. माती जपावी, खापरे मोजावीत, आणि दगड कोणाच्या डोक्यावरून आला हे विचारत राहावे.