जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन : बांधायचं की बदलायचं?

निळा धूर आणि सतत कमी होणारं ऑइल, म्हणजे बहुधा रिंग-लायनर झिजलेत. तेवढ्यावरून इंजिन बदलायची गरज नसते. निर्णय ठरतो तो इंजिन खोलल्यावर, ब्लॉक आणि क्रँक पाहून.

बांधा : ब्लॉक शाबूत असेल आणि क्रँक घासता येत असेल तर. क्रँक साधारण ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी घासून जाड बेअरिंग टाकतात. सोबत नवे लायनर-पिस्टन. हे सहसा स्वस्त पडतं.

बदला : ब्लॉकला मोठा तडा असेल किंवा क्रँक घासण्याची मर्यादा संपली असेल तर. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ब्लॉक हा सांगाड्याचाच भाग असतो, त्यामुळे दुसऱ्या मॉडेलचं इंजिन सहज बसत नाही.

लक्षात ठेवा : आरसीवर इंजिन नंबर असतो. बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या आणि नवा नंबर नोंदवा, नाहीतर ट्रॅक्टर विकताना अडचण येते.