पुराणातील ओवी आणि लग्नघरातील ओवी



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते वर्गात आम्हांकडून फादर स्टीफन्सची मराठीस्तुती मुखोद्गत करवून घेत. पुढे अध्यापक झाल्यावर मीही तेच केले. आज वाटते, त्या चार-दोन ओव्यांपलीकडे आम्ही ग्रंथाकडे फारसे पाहिले नाही. आणि ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला त्या कॅथलिक घरांकडे तर मुळीच नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उपेक्षेची उशिराची कबुली समजावी.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ मध्ये निवर्तला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या मुद्रित प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ हस्तलिखितांच्या आधारे टिकला. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती माणसाला कानांना ओळखीचे वाटेल असे काही द्यावे, ही त्यामागील दृष्टी होती. म्हणून स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले आणि छंद निवडला तो आपल्या संतांचा. ग्रंथ छापण्यास धर्मन्यायपीठाची, म्हणजे इन्क्विझिशनची, रीतसर अनुज्ञा होती.

ही अनुज्ञा लक्षात ठेवावी. कारण १७३६ साली त्याच धर्मन्यायपीठाने एक विस्तृत जाहीरनामा काढला आणि ख्रिस्ती घरांतील लग्नप्रसंगी ‘व्होव्यो’, अर्थात ओव्या, उघडपणे वा लपूनछपून गाण्यास मनाई केली. वधूवरांना हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ यांचे लेपन करू नये, विडे वाटू नयेत, अंगणात तुळस लावू नये, इतकेच काय, भात मिठावाचून शिजवू नये, येथवर ती यादी जाते. सत्ता स्वयंपाकघरापर्यंत पोचली, की ती कशाला भ्यायली आहे हे कळते. तत्पूर्वी, १६८४ साली, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम व्हाइसरॉयने काढलाच होता. पुराणात जी ओवी श्रद्धेचे वाहन ठरली, तीच लग्नघरात, स्त्रियांच्या मुखी, संशयास्पद झाली.

परंतु हा सर्व दोष कॅथलिक मताच्या माथी मारणे मला इतिहासाला धरून वाटत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ सालीच विवाहविषयक निर्णयात असे म्हटले होते, की ज्या प्रदेशांत विवाहाच्या काही स्तुत्य चालीरीती असतील त्या अवश्य राखाव्यात. गोव्यात इन्क्विझिशन येऊन तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. नियम होता, ‘स्तुत्य’ काय हे ठरविणारे मात्र परके होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेचे दार लोकभाषांना उघडले, तेव्हा ट्रेंटचे तेच वचन पुन्हा उद्धृत केले. पुढल्याच वर्षी परिषदेने कुटुंबाला ‘गृह-चर्च’ असे संबोधले. १९८१ साली दुसरे पोप जॉन पॉल यांनी आपल्या कुटुंबविषयक उपदेशपत्रात विवाह आणि लोकसंस्कृती यांच्या मीलनाचा पुरस्कार केला. साष्टीतल्या आजीबाईंनी हे कोणतेही लेख वाचले नव्हते. त्या ते जगतच होत्या.

मला हे उमगले ते एका ‘रोसा’च्या प्रसंगी. लग्नाच्या आदल्या दिवशी वधूला आणि वराला आपापल्या घरी नारळाचा रस लावून न्हाऊ घालतात, तो रोस. हळद गेली, नारळ राहिला. चुडा राहिला. पितरांच्या स्मरणार्थ भिकाऱ्यांना जेवू घालण्याचा प्रघातही राहिला. त्यात मला आपल्या नांदीश्राद्धाची छाया दिसते, अर्थात हे माझे मत. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या घरी कन्येच्या रोसाला मी गेलो होतो. त्यांच्या वृद्ध मातोश्रींनी प्रथम क्रुसाची खूण केली, मग सायबिणीला आळवले आणि गाऊ लागल्या. चाल जात्यावरची. मी छंदशास्त्राचा अभ्यासक! मात्रा मोजीत बसलो आणि शब्द लिहून घ्यावयाचे राहून गेले. पुढल्या मे महिन्यात वही घेऊन गेलो, तेव्हा त्या हयात नव्हत्या. १७३६ च्या जाहीरनाम्याला जे साधले नाही, त्यात माझ्या हलगर्जीपणाचा हातभार लागला.

आता रोस भाड्याच्या सभागृहात होतो. ध्वनिवर्धकावर इंग्रजी गाणी असतात आणि रसाबरोबर अंडीही फुटतात. तरुणांच्या हौसेला मी नावे ठेवीत नाही. पण गाणाऱ्या बाईला तेथे कोणी बसावयास पाट देत नाही, हे मला खुपते.

यंदा त्याच वधूच्या मुलीचे लग्न परदेशी ठरले आहे. तिने मला पत्र पाठवून विचारले, “सर, पणजीच्या ओव्या तुमच्यापाशी आहेत असे आई म्हणते, मला रोसाला गायच्या आहेत.” दोन दिवस आठवून आठवून लिहिल्या. अडीच भरल्या. तिसरीचा उत्तरार्ध रिकामा ठेवून, चालीच्या खुणांसह, त्या मी तिला धाडल्या आहेत.